वाटेतून परत फिरलेलं अर्पण

ज्या रविवारी लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्याच रविवारी थोरलीचा नवरा चर्चमधल्या भर मिस्सेतून, म्हणजे चालू उपासनेतून, चालता झाला. नुसता गेला असता तर लोकांनी समजून घेतलं असतं. पंचवीस वर्षं म्हणजे काही कमी नव्हेत. पण जाताना तो मिस्सेची भाकर घेऊन गेला, आणि फादर वेदीसमोर रिकामे हात पुढे करून तसेच उभे राहिले.

थोरली म्हणजे दोन जावांमधली मोठी. दोघी जावांचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही सुतार, त्यांचा बापही सुतार. आपल्या घराण्यात सुतारकी थेट संत योसेफापासून चालत आली आहे असं सासरे सांगत, आणि मधल्या पिढ्यांची नावं कुणी विचारली तर रंधा उचलून कामाला लागत.

थोरलीच्या नवऱ्याला चर्चचा सगळा धर्मग्राम काटकोन म्हणत असे. कागदावर काढलं असेल तेच करायचं, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही, हा त्याचा धर्म. एकदा शाळेच्या मुख्याध्यापकांनी टेबलाचं चित्र काढताना घाईत तीनच पाय काढले. काटकोनानं तीन पायांचं टेबल नेऊन दिलं, आणि ते डगमगत नाही हे स्वतः वर बसून दाखवलं. धाकट्या भावाला लोक पॉलिश म्हणत. त्यानं बसवलेलं कपाट वाकडं दिसलं तर तो गिऱ्हाइकाला भिंतच वाकडी आहे हे इतक्या प्रेमानं पटवून देई, की गिऱ्हाईक त्याला चहा पाजून गवंड्याशी भांडायला जाई.

या दोघांमध्ये सहा वर्षं बोलणं नव्हतं.

सासरे गेले तेव्हा त्यांची शवपेटी काटकोनानं केली. कारखान्याचं दार लावून एकट्यानं केली. दफनाच्या दिवशी, सगळं गणगोत काळ्या कपड्यांत उभं असताना, पॉलिशनं पेटीच्या डोक्याकडच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाबांनी हा सांधा पास केला नसता." हळूच म्हणाला, पण दफनभूमीत हळू बोललेलं लांब जातं. काटकोन काही बोलला नाही. तेव्हाही नाही आणि त्यानंतरही नाही.

दुसऱ्या आठवड्यात कारखान्याच्या मधोमध पार्टिशन उभं राहिलं. ते काटकोनानं घातलं. भावानं घातलेल्या भिंतीला आपण का टेकायचं म्हणून पॉलिशनं चार बोटं जागा सोडून आपल्या बाजूनं दुसरं घातलं. दोन्ही पार्टिशनांच्या मध्ये एक उंदीर सुखानं राहत होता. त्या कारखान्यात दोघांशीही संबंध ठेवून असलेला तो एकटाच. संत योसेफाचा पुतळाही दुसरा आणावा लागला. आता एक योसेफ या बाजूला आणि एक त्या बाजूला, दोघे पाठीला पाठ लावून उभे, आणि दोघांच्याही हातात करवत.

देव एकच असल्यामुळे चर्चची वाटणी करता आली नाही, म्हणून मिस्सा वाटून घेतल्या. पॉलिश सकाळच्या पहिल्या मिस्सेला जाई, काटकोन नंतरच्या मोठ्या मिस्सेला. मधल्या वेळात दोघांची रस्त्यात गाठ पडू नये म्हणून काटकोन मुद्दाम वळसा घालून, मागच्या गल्लीतून येई.

बायकांचं मात्र उत्तम चाललं होतं. नवऱ्यांचे निरोप पोचवता पोचवता ("त्यांना सांग, सरस उतू चाललाय", "त्यांना सांग, मला नाक आहे") दोघी पक्क्या मैत्रिणी झाल्या होत्या. दर गुरुवारी सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमधल्या छोट्या चॅपलमध्ये दोघी गुडघे टेकून जपमाळ म्हणत, आणि हेतू एकच ठेवत: भावाभावांत बोलणं होऊ दे. देवाला सहा वर्षं तेच तेच ऐकवून थोरलीला अलीकडे थोडा संकोच वाटायला लागला होता. "दुसरं काही मागायचं का मधेच?" ती एकदा म्हणाली होती. "म्हणजे त्यालाही जरा बदल."

"नको," धाकटी म्हणाली. "सलग मागितलं की कंटाळून देतो. बायबलातली ती न्यायाधीशाच्या मागे लागलेली विधवा नाही का, तिला कंटाळूनच मिळालं."

तर त्या रविवारी, पंचवीस वर्षं झाली म्हणून, अर्पणाच्या मिरवणुकीचा मान काटकोन आणि थोरलीला दिला होता. मान म्हणजे काय, तर चर्चच्या मागच्या टोकाशी ठेवलेलं भाकरीचं पात्र आणि द्राक्षारस नि पाणी मधल्या वाटेनं चालत नेऊन फादरांच्या हातात द्यायचं. काम चार पावलांचं, पण थोरली आठवडाभर घरात ट्रे घेऊन चालून बघत होती. काटकोन नवा शर्ट घालून, गळ्याशी गुदमरत, बाकावर काटकोनात बसला होता.

त्या दिवशी वाचायचं शुभवर्तमान होतं येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं. वेदीकडे अर्पण घेऊन जाताना तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट करून ये, आणि मग अर्पण कर.

फादर स्वभावानं विद्वान. एका वाक्यात मावणारी गोष्ट सांगायला त्यांना पाऊण तास लागे, आणि सांगून झाल्यावर ती पुन्हा एका वाक्यात कुणाला सांगता येत नसे. पण त्या दिवशी त्यांना काय झालं होतं कोण जाणे. त्यांनी चष्मा काढला आणि सरळ म्हणाले, "नीट ऐका. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं प्रभू म्हणत नाही. ते तर आपल्या सगळ्यांच्या मनात असतंच, आणि आपण त्याला नीट पोसतो. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं तो म्हणतो. म्हणजे रुसलेला तो आहे आणि उठून जायचं तुला आहे. प्रार्थना थांबली तरी चालेल."

लोकांनी माना डोलावल्या. प्रवचन ऐकताना या चर्चमध्ये एक पद्धत आहे: प्रत्येकजण ते कुणाला लागू पडतं हे मान वळवून बघतो. किराणा दुकानदारानं आपल्या मेहुण्याकडे बघितलं, मेहुण्यानं शिक्षिकेकडे, शिक्षिकेनं ऑर्गनवाल्या बाईंकडे. अशा रीतीनं प्रवचन सगळ्या बाकांवरून फिरलं आणि कुणालाही न लागता मागच्या दारानं बाहेर पडलं. थोरलीनं नवऱ्याकडे चोरून बघितलं. तो समोर बघत होता. त्याचा कान लाल झाला होता, पण ते शर्टामुळेही असू शकतं, असं तिला वाटलं.

मग श्रद्धेची कबुली देणारा विश्वासांगीकार म्हणून झाला, प्रार्थना झाल्या. ऑर्गन सुरू झाला आणि दोघं मागून निघाले. त्याच्या हातात भाकरीचं पात्र, तिच्या हातात ट्रे, ट्रेवर काचेच्या दोन छोट्या सुरया. अर्ध्या वाटेपर्यंत सगळं घरी सराव केल्यासारखं झालं. थोरलीच्या मनात एवढंच होतं, की त्या किराणेवाल्याच्या बायकोनं आपले नवे बूट बघितले की नाही.

आणि काटकोन थांबला.

दोन पावलं पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं. ती मागे आली. "काय झालं?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

"आठवलं," काटकोन म्हणाला.

"काय आठवलं? गॅस मी बंद केलाय."

"भाऊ आठवला."

थोरलीनं ट्रे घट्ट धरला. या माणसाला ती ओळखत होती. तीन पायांचं टेबल तिनंच त्याच्याबरोबर उचलून नेलं होतं.

"अहो, मग मिस्सा झाल्यावर आठवा."

"आधी, असं म्हटलंय."

"म्हटलंय हो. पण ते म्हणायचं असतं. लोक बघतायत."

"लोकांनीही ऐकलंय मघाशी," काटकोन म्हणाला. जागच्या जागी वळला, नेहमीसारखा बरोबर नव्वद अंशांत, मग आणखी नव्वद, आणि आला तसा पात्र छातीशी धरून दाराबाहेर गेला.

लोक शांत होते. बऱ्याच जणांना वाटलं की ही मिरवणुकीची नवीन पद्धत असावी. हल्ली वरून दर वर्षी काहीतरी नवीन येतं, आणि समजलं नाही तरी उभं राहिलं की निभावून जातं. थोरली मधल्या वाटेवर ट्रे घेऊन एकटी. पुढे फादर, मागे दार. सहा वर्षांपूर्वी हे दोघे भाऊ शेवटचे समोरासमोर आले होते तेव्हा मध्ये बापाची पेटी होती. आज मध्ये काय असणार, तर चिमूटभर भाकर. तिनं फादरांकडे बघून डोळ्यांनीच क्षमा मागितली आणि द्राक्षारस घेऊन नवऱ्याच्या मागे धावली. धावली म्हणजे सुरया न सांडता जितकं धावता येतं तितकं.

आता वेदीवर ठेवायला काहीच उरलं नव्हतं.

कारखाना चर्चच्या मागच्या भिंतीपलीकडेच. पॉलिश आपल्या बाजूच्या दारात स्टुलावर बसून पटाशीला धार लावत होता. रविवारी काम करू नये हे त्याला मान्य होतं. हे काम नव्हे, नुसतं हात फिरवणं आहे, असं त्याचं मत होतं. अंगात घरचा जुना सदरा, पायात सपाता. समोर थोरला भाऊ, नवा शर्ट आणि चर्चचं पात्र अशा थाटात उभा राहिलेला बघून त्याची पटाशी हातातच थांबली.

काटकोन सहा वर्षांत पहिल्यांदा त्या बाजूला आला होता. त्यानं एकदा चारी बाजूंना नजर फिरवली. "ती फळी खाली झुकलीय," तो म्हणाला.

पॉलिशनं थोरलीकडे बघितलं. "वहिनी, त्यांना सांगा, सहा वर्षांनी तोंड उघडलंत ते फळीसाठी का?"

"स्वतः सांगा, भावजी," थोरली धापा टाकत म्हणाली. "माझ्या हातात देवाचं सामान आहे. मी आज निरोप घेत नाही."

हे ऐकून वरच्या जिन्यावरून धाकटी जाऊ खाली आली. तिनं आधी पात्र बघितलं, मग ट्रे, मग थोरलीचा चेहरा. तिच्या एकदम लक्षात आलं आणि तिनं कपाळाला हात लावला. "अगं बाई. आज मिळालं?"

"आजच," थोरली म्हणाली. "आणि वेळ बघ कशी."

पॉलिश उठून उभा राहिला. "दादा, मिस्सा संपली?"

"थांबलीय."

"कशासाठी?"

"तुझ्यासाठी. आधी समेट, मग अर्पण. तसं लिहिलंय."

"सकाळी मीही तेच ऐकलं," पॉलिश म्हणाला. "त्यात असंही लिहिलंय की अर्पण तिथेच वेदीपुढे ठेवून जायचं. तू घेऊन आलास."

काटकोनानं आपल्या हातांकडे बघितलं. थोरलीनं त्याला कर्ज काढताना बघितलं होतं, दाढ काढताना बघितलं होतं, पण इतका पांढरा पडलेला कधी बघितला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तो कागदावरचं चुकला होता, आणि तो कागद साधासुधा नव्हता.

"धांदलीत राहिलं," तो म्हणाला.

"एक ओळ पाळायची होती. तीही धड नाही."

"तू तर एकही पाळली नाहीस. सकाळी ऐकलंस, मग आला का नाहीस?"

"मी का येऊ? माझ्या हातात अर्पण कुठे होतं?" पॉलिश म्हणाला. "ज्याच्या हातात अर्पण आहे त्याच्यासाठी आहे ते. आम्ही आपले मागच्या बाकावरचे."

थोरलीला वाटलं, मोशेला डोंगरावर देवाच्या दहा आज्ञांच्या दगडी पाट्या मिळाल्या तेव्हा खाली हे दोघं असते तर लोक अजून वाळवंटातच असते.

"बरं," काटकोन म्हणाला. पात्र त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. "माझ्याविरुद्ध तुझ्या मनात काय आहे ते सांग."

"सगळं?"

"किती आहे?"

"तू बसून घे," पॉलिश म्हणाला.

काटकोन बसला नाही. तेव्हा पॉलिशनं उभ्याउभ्याच सुरुवात केली. लहानपणचा लाकडी घोडा निघाला, ज्याची शेपटी दादानं सरस लावून बघायला म्हणून उपटली होती. बाबांचा रंधा निघाला, जो दादानं स्वतः ठेवून घेतला आणि धाकट्याला हातोडी दिली, तीही दांडा नसलेली. शाळेत दादाच्या वर्गशिक्षकांनी याला विचारलं होतं, तू त्याचाच भाऊ ना, मग असा कसा, तेही निघालं. त्यात दादाचा हात नव्हता, पण विषय निघालाच आहे तर तेही निघालं.

"घोडा आधीच तुटका होता," काटकोन म्हणाला.

"तू ऐकायचं आहेस. बोलायचं नाही. असंच आहे ना वहिनी?"

"असंच आहे," थोरली ठामपणे म्हणाली. शास्त्रात असं कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण नसलं तर असायला हवं होतं. तिचे हात भरून आले होते. धाकटीनं पाण्याची सुरई तिच्याकडून घेतली.

"हात पुसलेस?" थोरली कुजबुजली.

"पुसलेत हो. तुम्ही ट्रे वाकडा धरलाय, तो बघा."

इतक्यात दारात चर्चचा घंटावाला म्हातारा उभा राहिला. त्याचा दम वर चढला होता. "फादर विचारतायत," तो म्हणाला, "समेट किती बाकी आहे?"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

"नाही, घाई नाही," घंटावाला म्हणाला. "पण ऑर्गनवाल्या बाईंची अर्पणाची गाणी संपली. मग त्यांनी ईस्टरचं पुनरुत्थानाचं म्हटलं. मी निघालो तेव्हा त्या नाताळचं सुरू करत होत्या."

"काका, कपाटात दुसरी भाकर असेल ना?" थोरलीनं लाजून विचारलं. "फादरांनी ती घ्यायची."

"तेच मी म्हटलं. डबा काढलासुद्धा. तर म्हणाले, ठेव तो परत. इतकी वर्षं बोलतोय, पहिल्यांदा कुणीतरी ऐकलंय. आता मीच दुसरी भाकर घेतली तर माझ्यावर कोण विश्वास ठेवील?" म्हाताऱ्यानं चौकटीला पाठ टेकली. "आणि खाली बसले. मी त्यांना मिस्सेत असे बसलेले कधी पाहिले नव्हते. खूश दिसत होते. चालू द्या तुमचं."

पॉलिशनं हातातली पटाशी खाली ठेवली. मग ती पुन्हा उचलली. थोरलीनं बघितलं, की आता त्याला काही गोड सुचत नव्हतं.

"बाबांची पेटी तू एकट्यानं केलीस," तो म्हणाला.

त्यानं पटाशीच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"आतून कडी लावलीस. मी बाहेर उभा होतो, दादा. हीच पटाशी हातात घेऊन उभा होतो. रंध्याचा आवाज येत होता. मी दोनदा दार वाजवलं. माझाही बाप होता तो. एक खिळा मारू दिला नाहीस मला."

बाहेर, भिंतीपलीकडून, नाताळचं गाणं खरंच ऐकू येत होतं. लोकही म्हणत होते. चाल ओळखीची होती.

काटकोन पात्राकडे बघत राहिला. "दार वाजलेलं ऐकलं मी," तो म्हणाला.

"मग?"

"मी रडत होतो. तुला दिसू नये म्हणून उघडलं नाही."

पॉलिशनं आ वासला. "तू?"

"मी."

"वहिनी, हा रडतो?"

"मी पंचवीस वर्षांत पाहिलं नाही," थोरली म्हणाली. ती खरंच बोलत होती, आणि तिला त्याचं एकदम वाईट वाटलं.

"सांधा वाकडाच होता," काटकोन म्हणाला. "डोळ्यांत पाणी आलं की गुण्या लावला तरी कोन दिसत नाही. एकदा काढून पुन्हा बसवला, पुन्हा वाकडा. मग लाकूडच संपलं. आणि तू सगळी पेटी सोडून बरोबर तिथेच बोट फिरवलंस. मला माहीतच होतं, तू तिथेच फिरवणार."

"मला वाटलं, तू घाई केलीस," पॉलिश म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "म्हटलं, बाबांच्या पेटीला घाई."

"घाई नव्हती."

"हं."

दोघेही खाली बघत उभे राहिले. दुसरे कुणी असते तर गळ्यात पडले असते. हे दोघे सुतार होते. एकाच्या सदऱ्याला भुसा होता आणि दुसऱ्याचा शर्ट नवा होता.

"सहा वर्षं बाबा आतून तो सांधा बघत असतील," पॉलिश शेवटी म्हणाला.

"अंधारात काय दिसतंय त्यांना?"

"ते हातानंच बघायचे."

काटकोनाच्या नाकातून एक आवाज आला. थोरलीला आधी वाटलं हा आता रडतोय, आणि ती पुढे झाली. पण तो हसत होता. पॉलिशही हसायला लागला, आणि घंटावाल्या म्हाताऱ्याला आपण हसायचं की नाही हे न कळल्यामुळे त्यानं टोपी काढली.

"कबरीशेजारची जागा बाबांनी आपल्यासाठी घेऊन ठेवलीय," पॉलिश डोळे पुसत म्हणाला. "तुझी पेटी मी करीन. तेव्हा बघ सांधा."

"मी आधी जाणार हे कुणी ठरवलं?"

"तू थोरला."

"अहो," थोरली म्हणाली, "मरायचं नंतर ठरवा. तिकडे बाई नाताळ संपवून लग्नाच्या गाण्यांवर आल्या असतील."

काटकोनानं पात्र पुढे केलं. "धर."

"मी कशाला? मी सकाळी जाऊन आलोय. आणि हे बघ, पायात सपाता आहेत."

"धर म्हटलं ना. त्या बाजूनं धर."

पॉलिशनं पटाशी ठेवली, हात सदऱ्याला पुसले, सदराच मळका आहे हे बघून धाकटीनं पुढे केलेल्या फडक्याला पुन्हा पुसले, आणि पात्राची एक बाजू धरली. ते पात्र एका लहान मुलीनंही सहज एका हातात नेलं असतं. दोन दणकट पुरुषांनी ते चार हातांनी उचललं आणि कपाट हलवावं तसे निघाले.

"हळू. उंबरा आहे," काटकोन म्हणाला.

"माझाच उंबरा आहे. मला माहीत आहे."

"डावीकडे घे."

"कुणाच्या डावीकडे?"

मागून थोरली द्राक्षारस घेऊन, तिच्या मागे धाकटी पाण्याची सुरई घेऊन, आणि सगळ्यात मागे घंटावाला, हातात टोपी. चर्चच्या दाराशी पुन्हा थोडा वेळ गेला, कारण दोघे एकदम आत मावत नव्हते आणि आडवं व्हायचं कुणी यावर मतभेद होते. काटकोनाच्या मते दार साडेतीन फुटी होतं. पॉलिशच्या मते ते बाबांनी केलेलं होतं आणि बाबांनी साडेतीन फुटी दार आयुष्यात केलं नव्हतं.

आत सगळे मागे वळून बघत होते. फादर खुर्चीवरून उठले. ऑर्गनवाल्या बाईंनी एका गाण्याच्या अर्ध्यातून सरळ दुसऱ्या गाण्याच्या अर्ध्यात उडी घेतली, आणि आज पहिल्यांदाच मिरवणुकीच्या वेळी एकही माणूस घड्याळाकडे बघत नव्हता. थोरलीनं चालता चालता पाहिलं: किराणा दुकानदार आपल्या मेहुण्याशेजारी जाऊन बसला होता. दोघेही अवघडून समोर बघत होते, पण शेजारी होते. फादरांचं आणखी एखादं प्रवचन असं लागलं तर मिस्सा संध्याकाळपर्यंत आटोपायची नाही, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला हसू दाबावं लागलं.

सपाता फटफट वाजवत, खांद्याला खांदा आपटत दोघे भाऊ वेदीपाशी पोचले. फादरांनी हात पुढे केले आणि पात्र धरलं. ते हलेना.

"सोड," काटकोन पुटपुटला.

"तू सोड. तू थोरला."

"तुझ्या बाजूनं जड आहे. आधी तू."

"भाकरीला कसली आलीय बाजू?"

फादरांनी चष्म्याच्या वरून दोघांकडे बघितलं आणि हलकेच ओढून पाहिलं. लाकडात वर्षानुवर्षं काढलेली ती बोटं, कशी सुटणार? तेव्हा थोरलीनं ट्रे डाव्या हातात घेतला, पुढे वाकली आणि दोघांच्याही पाठीत एकेक कोपर मारलं. दोघांनीही हात सोडले, आणि मिस्सा पुढे सुरू झाली.